वाचकांचे प्रश्न : अरबस्तानात पाणघोडे

प्रश्न : भाचा रियाधला एसीच्या कामावर आहे, परवा फोनवर सांगत होता की तिकडच्या वाळवंटात माणसाचं नव्वद हजार वर्षं जुनं बोट सापडलंय. मी म्हटलं फेकून राहिला. अहो, मे महिन्यात आम्ही भुसावळवाले दुपारी दाराबाहेर पाय ठेवत नाही, मग त्या वाळूत तेव्हाचा माणूस काय खाऊन-पिऊन राहिला असेल? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भाऊ, भाचा खरंच सांगून राहिला. आख्खं बोट मात्र नव्हे, बोटातलं एक हाड, जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरचं. सौदीच्या उत्तरेला नफूद वाळवंट आहे, तिथं अल वुस्ता नावाच्या जागी 2016 साली मिळालं, वय निघालं साधारण 85 ते 90 हजार वर्षं, आणि हाड आपल्याच प्रजातीच्या माणसाचं. पण खरी गंमत पुढे आहे, त्याच जागी पाणघोड्याची हाडं पण निघाली. आता पाणघोडा काय वाळूत लोळणार? तिथं गोड्या पाण्याचं तळं होतं, भोवती गवत होतं, जनावरं पाण्यावर यायची आणि त्यांच्या मागोमाग माणूस.

हे झालं कसं, तर पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, सूर्याभोवतीची वाटही थोडी बदलते, त्यामुळे काही हजार वर्षं उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन जास्त पडतं, मग मोसमी पावसाचा पट्टा वर सरकतो आणि वाळवंट हिरवं होतं, पुन्हा पट्टा खाली आला की सगळं वाळून जातं. नफूदमध्येच खल अमायशान म्हणून जागा आहे, तिथं तळ्यांच्या गाळाजवळ दगडी हत्यारं मिळाली, ती एका काळातली नाहीत बरं, साधारण 4 लाख, 3 लाख, 2 लाख वर्षांपूर्वीची, आणि नंतरचीही, अगदी 55 हजार वर्षांपूर्वीपर्यंतची. म्हणजे पाऊस आला की माणूस आला, पाऊस गेला की माणूसही गेला (किंवा मेला). आपल्याकडे गिरणेला पाणी नसलं की माणसं पुण्या-सुरतेचा रस्ता धरतात, त्यातलाच प्रकार. अलअथर नावाच्या तळ्याच्या चिखलात तर साधारण 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे उमटलेत, माणसांचे, हत्तींचे, उंटांचे, सगळे एकाच काठावर.

प्रश्न : आमची केळी कंटेनरने आखातात जातात, पण नकाशात तो भाग नुसता पिवळा दिसतो. तिथं सगळी वाळूच आहे का हो? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : नाही हो दादा. द्वीपकल्प केवढं, तर जवळपास आपल्या भारताएवढं, 32 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात दक्षिणेचं रुब अल खाली हे सलग वाळूचं वाळवंट साडेसहा लाखांचं, म्हणजे दोन महाराष्ट्र. पण पश्चिमेला डोंगरांची रांग आहे, येमेनमधलं सर्वात उंच शिखर 3,666 मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. ओमानच्या सलालाला तर जून ते सप्टेंबर धुकं आणि रिमझिम, आपल्याकडे पाऊस आणतो तोच नैऋत्य वारा तिथं डोंगराला अडतो. बारमाही नदी म्हणाल तर सौदीत एकही नाही, ‘वादी’ आहेत, म्हणजे वर्षभर कोरडे पडलेले आणि पाऊस पडला की अंगावर येणारे नाले.

आणि काळा दगड! तुमच्या विहिरीला लागतो ना, तसाच बेसॉल्ट पश्चिम भागात मैलोन्‌मैल पसरलाय, त्याला तिकडे ‘हर्रा’ म्हणतात. आपला साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, तिकडचा बराच तरुण. आफ्रिकेपासून अरबस्तान फाटून तांबडा समुद्र तयार झाला, त्याच काळापासून हा लाव्हा वर येत राहिला, शेवटचा 1256 साली, मदिनेजवळ.

प्रश्न : शहामृग पूर्वी अरबस्तानातही होते म्हणतात, खरं का? (विद्यार्थिनी, चाळीसगाव)

उत्तर : होते की, विसाव्या शतकापर्यंत, शिकारीत संपले. पण ताई, तू चाळीसगावची आणि विचारतेस अरबस्तानचं! तुझ्याच तालुक्यात पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघालेत, साधारण 25 हजार वर्षांपूर्वीचे. पाटणादेवीला जाताना ज्या गावावरून जातेस, तेच पाटणं.