पाव बंद करण्याआधी

प्रश्न : मावशी, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. चालायला लागला तेव्हा वीस महिन्यांचा होता. शब्द चारच : आई, बा, म्याव आणि 'पों'. पों म्हणजे पोदेर, आमचा पाववाला. सकाळी त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की हा माझा हात धरून दारापर्यंत ओढत नेतो. नावाने हाक मारली तर मात्र दहातून दोनदा वळतो. वजन १०.४ किलो. जेवण जवळजवळ नाहीच. बाटलीने दिवसाला लिटरभर दूध आणि चहात बुडवलेला पाव, एवढंच. शी तीन-तीन दिवस होत नाही. सासूबाई म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. ओळखीच्या एका बाईंनी कुणा सल्लागाराचा नंबर दिला. त्यांनी मुलाला न बघता फोनवर सांगितलं की गहू आणि दूध आजपासून बंद करा, सहा महिन्यांत बोलेल. वर साडेसहा हजारांच्या पावडरी. आमच्याकडे सोमवार-गुरुवार सोडून मासळी असते. मी काय करू? वेळ असताना काही केलं नाही असं उद्या मला वाटायला नको. — एक आई, डिचोली

उत्तर : बाये, पावडरी घेऊ नकोस. पाव चालू ठेव. दूध मात्र कमी कर, उद्यापासूनच, पण त्या सल्लागाराने सांगितलं त्या कारणासाठी नाही.

लिटरभर दूध प्यायलेल्या मुलाला भूक कुठून लागणार? त्या लिटरभर दुधात कॅल्शियम भरपूर असतं, पण लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. या वयाला रोज आठ मिलिग्रॅम लागतं. शिवाय दूध आणि चहा, दोन्ही बाकीच्या अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाहीत. म्हणजे तुझं मूल पोट भरून उपाशी आहे. लोह कमी पडलं की नुसतं रक्त फिकं पडत नाही, वाढत्या मेंदूलाही ते कमी पडतं. मूल मरगळतं, चिडचिडं होतं, खेळात रमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. आपल्या गोव्यातही निम्म्याहून जास्त.

दूध सोडल्यावर मुलात फरक पडला असं सांगणाऱ्या आया खोटं बोलत नाहीत. एवढं दूध सुटलं की मूल जेवू लागतं, पोट साफ होतं, रात्री गाढ झोपतं. झोप झालेलं मूल सकाळी डोळ्याला डोळा देतं. श्रेय मात्र भलत्याच गोष्टीला जातं.

भलती गोष्ट म्हणजे काय तेही सांगते. गव्हातली आणि दुधातली प्रथिनं नीट न पचल्यामुळे अफूसारखे घटक तयार होतात, ते रक्तातून मेंदूत जातात आणि मूल स्वतःतच बुडून राहतं, अशी एक कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. ऐकायला पटते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या १४ लहान मुलांचा गहू आणि दूध आधी पूर्ण तोडलं. मग खाऊत कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही लपवून दिलं, कधी काहीच घातलं नाही. कुठल्या दिवशी काय होतं ते आईवडिलांना ठाऊक नव्हतं. मुलांच्या वागण्यात, झोपेत, पोटात काहीच फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, पण काळजीपूर्वक केलेला. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट सांगतात की स्वमग्नतेवर उपाय म्हणून गहू-दूध बंद करू नये. तुझं मूल स्वमग्न आहे की नाही, ते मी पत्रावरून सांगणार नाही. कुणीच सांगू नये.

आहाराने मेंदूला काहीच होत नाही, असं मात्र समजू नकोस. नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो म्हणून डॉक्टरांच्या पाठीच लागली, आणि त्यातून १९३४ मध्ये फिनाइलकीटोन्युरिया हा आजार उजेडात आला. त्यात जन्मानंतर लगेच आहार बदलला तर मेंदू वाचतो. असे आजार ओळखायला नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात. गोव्यात सरकारी पातळीवर ही तपासणी २००८ मध्ये सुरू झाली. तुझ्या बाळाची झाली होती का, ते जन्माच्या कागदांत बघ. पण आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम तिथेही होताच.

हा क्रम मी स्वतः चुकवलेला आहे. १९९८ साली माझी धाकटी पावणेतीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. मी आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीला होते, तरी एकाच्या शब्दावर दूध, गहू, अंडं, साखर, सगळं एकदम बंद केलं. चार महिन्यांत तिचं वजन नऊशे ग्रॅमनी उतरलं. एका दुपारी ती शेजारच्या घराच्या पायरीवर बसलेली दिसली, दोन्ही हातांत पोईचा, म्हणजे कोंड्याच्या पावाचा तुकडा धरून. मला बघितलं आणि तिने तो फ्रॉकच्या मागे लपवला. तोंडातला घास तसाच, चावायचा थांबलेला. अजून मला रात्री तो घास आठवतो.

पुढे एका डॉक्टरांनी तिच्या कानांची तपासणी करायला लावली. जाड, मोठे आवाज तिला ऐकू यायचे. 'स', 'श', 'त', 'क' असे बारीक आवाज पोचतच नव्हते. पोदेराचा भोंगा वाजला की तीही धावायची, बाये. म्हणून मी तिचे कान कधी तपासलेच नव्हते.

तेव्हा पहिलं काम कानांचं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात बालविभागात जा आणि 'बेरा' तपासणीबद्दल विचार. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून करतात, दुखत नाही. त्याच फेरीत रक्त : हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२, आणि गव्हाचं वावडं म्हणजे सिलिॲक. ही शेवटची तपासणी मूल गहू खात असतानाच खरी निघते. आधीच पाव तोडलास तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो आणि मग कुणालाच काही कळत नाही. विकासाची तपासणीही मागून घे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखव. सासूबाईंना सांग, तो उशिरा बोलणाऱ्यांपैकीच निघाला तर कान तपासून काही बिघडलेलं नसेल.

आता ताट. दूध दिवसाला चारशे मिलीवर आण, तेही पेल्यातून आणि जेवणानंतर. बाटली आठवडाभरात बंद. तीन रात्री रडेल. चहा पूर्ण बंद. सकाळी नाचण्याचं तिजान, म्हणजे पातळ लापशी दे, गूळ आणि नारळाचा रस घालून, म्हणजे कॅल्शियमची चिंता नको. दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मऊ शिजवलेली मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, आणि वर लिंबाचे चार थेंब, कारण आंबटामुळे लोह शोषलं जातं. दुपारी मुडदुशी किंवा तारले, काटे बोटांनी चाचपून काढून. सोमवार-गुरुवारी चवळी. अंडं चालत असेल तर पावाबरोबर. लोहाचं औषध डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं तरच द्यायचं.

हे सगळं होऊन, रिपोर्ट हातात आल्यावरही एखादा पदार्थ काढून बघावासा वाटला तर तो एकच काढ, दोन महिन्यांसाठी, डॉक्टरांना सांगून, दर पंधरवड्याला वजन करून. आणि अंगणवाडीच्या बाईंना त्यातलं काही कळू देऊ नकोस. दोन महिन्यांनी नुसतं विचार, काही फरक वाटतो का. तुझं मन आशेने बघतं, माझंही तसंच बघत होतं.

तू दोष लागण्याचं लिहिलंस. करण्यासारखं एक काम तुझ्या दाराशीच रोज येतं. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने गोव्यात आणि तिच्या सोबतच्या पथकाने पाकिस्तानात रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या ६५ कुटुंबांचा मिळून एक अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या कुटुंबांना एक पद्धत शिकवली. त्याचे निष्कर्षही २०१६ मधलेच. आईबाप मुलाशी खेळताना त्यांचं चित्रीकरण करायचं आणि त्यांनाच दाखवायचं, म्हणजे मूल कुठे काही सांगू बघत होतं आणि आपण कुठे घाई केली ते त्यांना दिसतं. हे शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक होते. मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मूल स्वमग्न असो वा नसो, यात गमावण्यासारखं काही नाही.

उद्या भोंगा वाजला आणि त्याने हात ओढला की लगेच दार उघडू नकोस. खाली बस, तुझं तोंड त्याच्या तोंडासमोर येऊ दे. 'पों आला' म्हण आणि मनात पाच आकडे मोज. मग दार उघड. पोदेराला सांगून ठेव, दोन मिनिटं थांबेल. टोपलीतली पोई एका हातात, उंडो म्हणजे गोल पाव दुसऱ्या हातात, त्याच्यासमोर धर. तो बोटाने दाखवेल, बघेल, नाहीतर ओरडेल. जे करेल त्याला तू शब्द दे : 'उंडो. उंडो हवा.' आणि लगेच हातात दे.

कानांचा आणि रक्ताचा रिपोर्ट आला की मला कळव. त्याने काय उचललं, तेही लिही.