गोव्यात पाच मित्र, चार रात्री: बिलाचं भांडण ऑर्डरआधीच मिटवा

कोल्हापूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: पाच मित्र, सगळे पुरुष, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्री बागा-कळंगुटला राहणार. एकाच जागेबद्दल निम्मे लोक 'एक नंबर' लिहितात, निम्मे 'लुटलं'. विश्वास कुणावर ठेवायचा, आणि पाच पोरांना क्लबात सोडतात का?

दोन्ही बाजू बहुधा खरं बोलतात. 'लुटलं' म्हणणाऱ्यांचं भांडण बिल टेबलावर आल्यावर सुरू झालेलं असतं आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. मेन्यूत डाळ-भाताचा दर छापलेला असतो, पण पापलेट, टायगर प्रॉन्स, लॉब्स्टर यांच्यापुढे 'साइजप्रमाणे' एवढंच. खिसा तिथेच कापला जातो, म्हणून माशापासूनच सुरुवात करतो.

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (हंगामापुरत्या उभारलेल्या झोपडीवजा हॉटेलात) संध्याकाळी बर्फाच्या ट्रेमध्ये मासे मांडून ठेवतात. वेटर एक तामसो (रेड स्नॅपर) उचलून दाखवतो, 'साहेब, हा घ्या, फ्रेश.' तुम्ही मान हलवता, मासा आत जातो. झालं, सौदा ठरला. दर तुम्हाला माहीत नाही, वजनही नाही. फळीवर '180' लिहिलेलं असेल तर ते बहुतेकदा 100 ग्रॅमचे असतात, प्लेटचे नव्हे. 900 ग्रॅमचा मासा म्हणजे 1,620 रुपये, वर टॅक्स. शिवाय वजन कच्च्या, अख्ख्या माशाचं धरतात. डोकं, खवले, पोटातली घाण गेल्यावर ताटात बरंच कमी उरतं, आणि मग 'एवढासा मासा अन् एवढं बिल' म्हणून वाद. त्यात लबाडी असेलच असं नाही, हिशेबाची रीतच ती आहे. लॉब्स्टर आणि खेकड्यात तर वजनाचा मोठा भाग कवचाचा.

म्हणून मासा आत जाण्याआधी तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. आकडा बघा, दर विचारा, गुणाकार मोबाइलवर करा आणि 'म्हणजे एवढे ना, टॅक्स सोडून?' असं वेटरकडून वदवून घ्या. काट्याचा फोटो काढलात तर उत्तम. मसाला रेशाद (गोव्याचा लाल, आंबट-तिखट), रवा की बटर गार्लिक, त्याचे वेगळे पैसे आहेत का तेही तेव्हाच. ताजेपणासाठी कल्ले उघडायला सांगा: लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंग बोटाने दाबलं तर परत वर यायला हवं. फिलेट केलेल्या माशाची ओळख पटत नाही. शॅकमधल्या 'फिश अँड चिप्स'मध्ये पुष्कळदा बासा (गोड्या पाण्यातला स्वस्त मासा) असतो. तो वाईट नाही, फक्त इसवणाच्या भावात घेऊ नका. (इसवण म्हणजे तुमची सुरमई.)

दुपारी मात्र शॅकचा नाद सोडा आणि थाळी खा. भात, हुमण (माशाचं कालवण), एक तळलेला तुकडा, तिसऱ्या किंवा सुंगटांचं (कोळंबीचं) सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. साध्या थाळीत तुकडा बहुधा बांगड्याचा किंवा तसल्याच स्वस्त माशाचा. इसवण हवं तर दर वेगळा, आधी विचारा. पणजीत रिट्झ क्लासिकला जेवणाच्या वेळी रांग असते, बागा-कळंगुटच्याच बारदेस तालुक्यात म्हापशाच्या बाजारालगत छोटी खानावळवजा हॉटेलं आहेत. साडेबारा ते दोनमध्ये पोचा. तीननंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाही. मग 'सर्व्हिस भिकार' असे अभिप्राय पडतात. प्रत्यक्षात स्वयंपाकी जेवून झोपलेला असतो.

आता बिल. समजा जेवण 2,400 आणि दारू 1,800. जीएसटी फक्त जेवणावर आणि सोडा-पाण्यावर लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के, म्हणजे 120. महागड्या हॉटेलांच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये तो 18 टक्केही असू शकतो. दारू जीएसटीबाहेर आहे, तिच्यावर राज्याचा कर. पूर्ण 4,200 वर 5 टक्के लावून 210 केले असतील तर ते 90 रुपये परत मागा. त्याखाली 'सर्व्हिस चार्ज 10%' म्हणून 420 दिसले तर ते ऐच्छिक आहेत: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे नियम केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरले. 'तो काढून द्या' एवढं शांतपणे म्हणा. अडून बसले तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ज्याने चांगलं वाढलं त्याच्या हातात रोख टीप द्या.

पाण्याच्या बाटलीवर मात्र वाद घालू नका. रेस्टॉरंटमध्ये एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय.

बारमध्ये स्मॉल म्हणजे 30 मिली, लार्ज 60. पेग मापाने ओततोय का बघा. पाच जण एकच ब्रँड पिणार असाल तर पूर्ण बाटलीचा भाव विचारा: 750 मिलीतून 25 स्मॉल निघतात, त्यावरून ताळा लावा. सील टेबलावरच तोडायला लावा.

कुणी डिसेंबरात 'फ्रेश हुर्राक' (काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू) देऊ केला तर नको म्हणा. काजूची बोंडं साधारण फेब्रुवारीअखेर ते मे, हुर्राक त्याच हंगामातला, आणि तो टिकत नाही. फेणी वर्षभर मिळते. लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का किंवा सोडा. पहिल्यांदा 30 मिलीच घ्या, वासानेच निम्मे गार होतात.

क्लब. पाच पुरुष म्हणजे त्यांच्या भाषेत 'स्टॅग ग्रुप', आणि दारावर तुम्हाला नाही म्हणणं त्यांना सोपं जातं. दारात जाऊन नशीब अजमावू नका. त्याच दिवशी दुपारी क्लबच्या अधिकृत नंबरवर व्हॉट्सअॅप करा आणि चार गोष्टी लेखी घ्या: स्टॅगला प्रवेश आहे का, डोक्यामागे किती, त्यातले किती खाण्यापिण्यात वळते होणार, किती वाजेपर्यंत. 'एन्ट्री' म्हणजे गेले ते पैसे; 'कव्हर' म्हणजे आत वापरता येणारे. '2,000, त्यात 1,500 कव्हर' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: ते कुठल्याही ब्रँडवर चालतात का? कव्हर बरेचदा ठरावीक दारूवरच चालतं आणि उरलेलं परत मिळत नाही. चप्पल-बर्मुड्यावर जाऊ नका.

उघड्यावरच्या संगीताला रात्री दहाची मर्यादा आहे. वर्षातले मोजके दिवस ती बारापर्यंत शिथिल करता येते. त्यामुळे सव्वादहाला आवाज बंद झाला म्हणून पैसे परत मागण्यात अर्थ नाही. रात्रभर नाचायचं असेल तर बंदिस्त हॉल बघा.

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दुसरं दार शोधा. डिसेंबर 2025 मध्ये हडफडेतल्या नाइटक्लबला आग लागली, 25 जण गेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. तळघरातली, एकाच अरुंद जिन्याची जागा असेल किंवा छताखाली फटाक्यांच्या कांड्या पेटवत असतील, तर कव्हर बुडालं तरी चालेल, बाहेर पडा.

रस्त्यावर कुणी 'फ्री एन्ट्री, लेडीज आहेत, अनलिमिटेड' म्हणत मागे लागला तर थांबायचंच नाही. बागा-कळंगुटमधल्या या तथाकथित डान्स बारमध्ये पुरुषांचे ग्रुप हेरून नेतात, आत दमदाटी करून कार्ड स्वाइप करून घेतात. सापडलातच तर 112. किनाऱ्यावर बाटली उघडून बसणंही गुन्हा आहे, दंड होतो.

अभिप्राय वाचताना तारीख बघा. शॅक पावसाळ्यात मोडून ठेवतात, कामगार गावी जातात, आणि ऑक्टोबरनंतर तोच स्वयंपाकी परत येईलच असं नाही. त्यामुळे मागच्या मार्चचा पंचतारांकित अभिप्राय डिसेंबरात फारसा कामाचा नाही. या हंगामातले, बिलाचा फोटो असलेले, तीन ताऱ्यांचे अभिप्राय शोधा. राग आणि जाहिरात दोन्ही त्यात कमी असतात.

परतीची सोय प्यायच्या आधी लावा. इथे ओला-उबर नाही. गोवामाइल्सचं अॅप आहे, पण मध्यरात्रीनंतर बागात गाडी मिळेलच याचा भरवसा नाही. टॅक्सीवाल्याशी येतानाच परतीचा दर आणि वेळ ठरवून नंबर घेऊन ठेवा. भाड्याच्या स्कूटरवर पिऊन बसू नका: 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्कूटर घेणारच असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि ती पकडली गेली की पोलिसांसमोर तुम्हीच उभे असता, मालक नसतो.