तिन्ही बिंदू एका रेषेत आले, तरी रेषा चुकू शकते

तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. ४क्ष − ३य = १२ चा आलेख काढलात, तीन बिंदू घेतलेत, तिन्ही पट्टीला चिकटून आले, आणि उत्तरातली रेषा मात्र तुमच्या रेषेला समांतर, बरीच खाली. 'चढ (रेषेचा तिरकेपणा) तर बरोबर आहे, मग चुकलं काय?' असं विचारलंय.

फोटोत दिसतंय. −३य = −४क्ष + १२ इथपर्यंत ठीक. पुढे −३ ने भागताना क्ष चं चिन्ह बदललंत, १२ चं तसंच राहिलं. म्हणून य = (४/३)क्ष + ४ आलं, हवं होतं − ४. चिन्हांचे नियम सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतात. घाईची चूक आहे, सगळ्यांची होते. खरी गफलत त्याच्या पुढची, आणि मला तीच महाग पडली.

तिसरा बिंदू आपण ताळा म्हणून घेतो ना? तुम्ही (०, ४), (३, ८), (६, १२) घेतलेत. तिन्ही त्या चुकलेल्या समीकरणातूनच काढलेत, मग एका रेषेत येणारच! चुकीची असली तरी ती रेषाच आहे. बिंदू मूळ समीकरणात घालून बघा: ४ × ० − ३ × ४ = −१२. उजवीकडे तर १२ आहे. संपलं.

माझ्या परीक्षेत ३क्ष − २य = ८ आणि क्ष + २य = ८ ही जोडी आलेखाने सोडवायची होती. पहिल्या समीकरणात मी हेच केलं, य = (३/२)क्ष + ४. रेषा छेदल्या (०, ४) वर, अगदी चौकटीच्या कोपऱ्यावर. अपूर्णांक आला असता तर शंका तरी आली असती. त्यात (०, ४) दुसऱ्या समीकरणात चपखल बसतो, आणि मी ताळा तेवढाच केला. खरं उत्तर (४, २). त्या गुणांवर माझा प्रवेश अडला. खात्री इतकी की पुनर्तपासणीचा अर्ज केला. दोन महिन्यांनी एक ओळ आली, 'गुणांत बदल नाही.' कुठे चुकलं ते विचारायला गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर. बदल नाही हे बरोबरच होतं हो, पण उत्तरपत्रिका समोर धरून कुणी बोट ठेवलं असतं तर पुढची दोन वर्षं मी 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणत फिरलो नसतो. असो.

समीकरणाचं कोणतं रूप वापरायचं, मूळ की 'य = ' चं, यावर माझं मत (मी शिक्षक नाही, तुमचे सर वेगळं सांगत असतील तर परीक्षेपुरतं त्यांचं ऐका): आलेखच काढायचा असेल तर उगाच रूप बदलू नका. तुमच्या समीकरणात क्ष = ० ठेवलं की (०, −४), य = ० ठेवलं की (३, ०). सगळं समीकरण भागायला नको, चिन्हांची भानगड कमी. तिसरा (६, ४), तोही मूळ समीकरणातूनच. अर्थात ३क्ष − २य = ८ मध्ये य = ० ला क्ष = ८/३ येतो, तो आलेख कागदावर नीट बसत नाही. तिथे क्ष ला सम संख्या द्या: (२, −१), (४, २).

दोन बिंदू देऊन समीकरण विचारलं तरच मी चढाकडे जातो. (२, ५) आणि (६, −३) असतील तर चढ −८/४ = −२, म्हणून य − ५ = −२(क्ष − २), म्हणजे य = −२क्ष + ९. ताळा *समीकरण बांधताना न घातलेल्या* बिंदूने: −१२ + ९ = −३. जमलं. (२, ५) घालून चढाची चूक सापडणार नाही, समीकरण त्याच्यावरूनच बांधलंय.

जिओजेब्रात (आलेख काढून देणारं ॲप) मूळ समीकरण जसंच्या तसं टाकता येतं, खाली तुमचं बदललेलं टाका. एकच रेषा दिसली तर ठीक, दोन दिसल्या तर वहीकडे परत.

आणि हो, फोटोत खालच्या कोपऱ्यात क्ष = −२ चा चढ ० लिहिलाय. तो खोडा. ० चढ आडव्या रेषेचा असतो; ही उभी आहे, हिला चढच नाही, आणि ही 'य = ' च्या रूपात कधीच बसणार नाही.