खाटेभोवती एवढी माणसं कशाला?

या वेळी पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे गंभीर आजारात दुखणं-त्रास हलका करून पेशंटला आणि घरच्यांना सांभाळण्याबद्दल, तीन पत्रं आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतेय. मी बरीच वर्षं हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, त्यातली शेवटची सगळी पॅलिएटिव्हच्या टीममध्ये गेली, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आईला (वय 68) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. मुंबईला दाखवतो. तिथं पॅलिएटिव्हच्या ओपीडीत आम्हाला एका अभ्यासात भाग घेता का म्हणून विचारलं. आधी डॉक्टर बोलले, मग नर्स, मग समुपदेशक, मग एक मुलगी फॉर्म घेऊन आली. आई बरी व्हायची नाही हे आम्हाला सांगितलंय, मग आता तिच्यावर कसला रिसर्च? आणि त्याला एवढी माणसं कशाला? मोठा भाऊ म्हणतो आईचा प्रयोगाचा उंदीर करतील. — एक वाचक, कराड

उत्तर : दादा, भावाला आधी सांगा की त्याची शंका वेडी नाहीये. सही घेताना कुणी नीट समजावून सांगत नाही हा अनुभव पुष्कळ जणांनी घेतलाय, मग संशय येणारच. पण या विषयातला रिसर्च म्हणजे दरवेळी नवीन औषध टोचून बघणं असं नसतं. दम लागतोय तो कशानं हलका होईल, रात्री झोप का मोडते, घरी सगळं बघणाऱ्या सुनेला कुठं कमी पडतंय, असले प्रश्न जास्त असतात आणि ते एकट्या डॉक्टरला पुरते दिसतच नाहीत.

हे काम जिच्यामुळे उभं राहिलं ती लंडनची सिसिली सॉन्डर्स एकटीच तीन माणसं होती म्हणा ना. आधी नर्स, पाठीच्या दुखण्यानं नर्सिंग सोडावं लागलं तेव्हा हॉस्पिटलातली सोशल वर्कर, आणि मग वयाच्या 39व्या वर्षी, 1957 साली, डॉक्टर. सोशल वर्कर असताना डेव्हिड तास्मा नावाचा एक पेशंट तिला भेटला, वॉर्सॉहून आलेला पोलिश ज्यू, वेटरचं काम करायचा, जवळचं म्हणावं असं कुणी नाही. तो 1948 मध्ये गेला आणि जाताना हिच्या नावे 500 पौंड ठेवून गेला, तुझ्या घरातली एक खिडकी मी होईन म्हणाला. त्या खिडकीभोवती घर बांधायला तिला 19 वर्षं लागली. 1967 साली लंडनच्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारं घर, उघडलं आणि तिनं पहिल्यापासून तिथं सेवा, शिकवणं आणि संशोधन ही तिन्ही कामं एकाच छपराखाली ठेवली. त्याआधी लंडनमधल्याच हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये नन्सबरोबर काम करताना तिनं हजारावर पेशंटच्या नोंदी ठेवल्या होत्या. एका बाईंना तिनं विचारलं, काय होतंय सांगा. त्या म्हणाल्या, सुरुवात पाठीपासून झाली, पण आता मी सगळीच बिघडलेय असं वाटतं. शरीर, मन, घरदार आणि देवाधर्माची तगमग हे सगळं मिळून एकच दुखणं असतं हा विचार तिनं असल्या बोलण्यांतून मांडला. म्हणून एवढी माणसं, दादा. पाठ डॉक्टर बघतील, ‘सगळीच’ कोण बघणार?

आता माझ्यासमोर घडलेलं सांगते. आमच्या टीमचा एक अभ्यास चालू होता, त्यात दुखण्याला शून्य ते दहा मार्क द्यायचे. गावाकडच्या एक आजी, नऊवारी, कानात बुगडी, त्यांना रिसर्च असिस्टंटनं तीन वेळा विचारलं, आजी दहापैकी किती? आजी आपल्या गप्प, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळतायत. त्या बहुतेक उत्तर द्यायच्या नाहीत असं ती फॉर्मवर लिहायलाच लागली होती, तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या मावशी बेडपॅन घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, म्हातारे, रुपयातलं किती आणे दुखतंय गं? आजी लगेच, बारा आणे, रात्री सोळा. त्या एका वाक्यात आम्हाला दुखणं किती आहे ते कळलं आणि रात्रीचं औषध अपुरं पडतंय तेही कळलं, पुढच्या मीटिंगमध्ये वयस्कर पेशंटला आण्यात विचारायचं ठरलं आणि त्या मीटिंगला मावशींनाही बसवलं. रिपोर्टवर त्यांचं नाव आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या आईच्याच आजाराचं एक उदाहरण देते. अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटचा अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. अर्ध्या लोकांना नेहमीची ट्रीटमेंट, अर्ध्यांना ती आणि सोबत पहिल्यापासूनच पॅलिएटिव्हच्या टीमच्या भेटी. करणारी कॅन्सरतज्ज्ञ जेनिफर टेमेल, पण सोबत मानसशास्त्रज्ञ होते, पॅलिएटिव्हचे डॉक्टर, नर्स होत्या. दुसऱ्या गटाचे दिवस जास्त बरे गेले, उदासी कमी होती, शेवटी शेवटी नळ्या-सुयांचा मारा कमी झाला आणि तरीही ती माणसं सरासरी जास्त जगली, 8.9 महिन्यांच्या जागी 11.6. ही टीम म्हणजे हात टेकल्यावरची पायरी असं जे आपल्याकडे बोललं जातं, त्याला इतकं सरळ उत्तर दुसरं मला माहीत नाही.

आता कामाचं. फॉर्म घरी न्या, मराठीतला मागा, तुमचा हक्क आहे तो. नाही म्हणालात तर आईच्या उपचारात काडीचा फरक पडता कामा नये, आणि हो म्हणून मध्येच सोडलं तरी नाही. अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का विचारा, त्या कमिटीत डॉक्टर सोडून कायदा जाणणारा माणूस आणि साधा नागरिकही असावा लागतो. आणि मुख्य म्हणजे आईला विचारा. पत्रात तुम्ही भावाचं मत लिहिलंत, आईचं कुठंच नाही.

प्रश्न : सासऱ्यांना मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. नणंद म्हणते सवय लागेल, आताच दिलं तर शेवटी कशानंच भागणार नाही. आम्ही अर्धीच गोळी देतोय, तीही फार कण्हायला लागले की. — एक सून, नाशिक

उत्तर : अगं, आजच टीमला फोन कर आणि अर्धी देतोय हे न घाबरता सांग, रागवायचे नाहीत. ही गोळी दुखायची वाट बघत द्यायची नसते, घड्याळ लावून ठरल्या वेळी द्यायची असते, म्हणजे दुखणं डोकं वर काढतच नाही. सॉन्डर्सबाईंनी हेच नोंदींतून दाखवलं होतं. पुढे 1971 मध्ये त्यांनी रॉबर्ट ट्वायक्रॉस या तरुण डॉक्टरला खास संशोधनासाठी बोलावलं, तेव्हा तिकडे हेरॉइन मॉर्फिनपेक्षा सरस मानायचे, त्यानं शेकडो पेशंटवर दोन्ही ताडून पाहिली आणि तोंडानं वेळच्या वेळी दिली तर फरक पडत नाही हे सिद्ध केलं, त्यामुळे तोंडानं घ्यायचं साधं मॉर्फिन जगभर चाललं. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधाचं व्यसन लागणं फार क्वचित. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होतं, त्याचं औषध सोबत दिलंय ना ते बघ.

ही भीती घरातून आली तशी कायद्यातूनही आली. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन मिळणंच मुश्कील करून टाकलं होतं, 2014 ला दुरुस्ती झाली ती केरळात पॅलिएटिव्हचं काम करणाऱ्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला म्हणून. नणंदेला एकदा ओपीडीत सोबत घेऊन जा.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या एमएच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. अशा रिसर्च टीममध्ये आमच्यासारख्यांना खरंच जागा असते की फक्त फॉर्म भरायला घेतात? — एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : काही ठिकाणी फॉर्म भरायलाच घेतात, खोटं कशाला सांगू. पण चांगल्या टीममध्ये प्रश्न काय विचारायचा हे ठरतानाच तू हवी असतेस. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये कॉलिन मरे पार्क्स हे मानसोपचारतज्ज्ञ सुरुवातीपासून होते, माणूस गेल्यावर मागे उरलेल्या नवऱ्याशी किंवा बायकोशी बोलून त्यांनी तिथल्या सेवेचं मोजमाप केलं, तिसऱ्या दिवसानंतर घरात काय होतं हेही रिसर्चचं काम आहे हे त्यातून रुजलं. केरळात कालिकतला 1993 मध्ये मेडिकल कॉलेजात पॅलिएटिव्हचं जे काम सुरू झालं ते तर पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनीच वाढवलं. आकडेवारी जाणणारा माणूसही लागतो बरं का, अर्ध्यातच पेशंट गेले की अपुरे आकडे कसे धरायचे हा या विषयातला मोठा पेच, तो त्याच्याशिवाय सुटत नाही.

मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस ते, टाटा मेमोरियलला पॅलिएटिव्हचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. फील्डवर्कसाठी अर्ज कर आणि पेशंटला घरी जाऊन बघणाऱ्या होम केअरच्या गाडीतून जाऊ द्या म्हणून मागे लाग. मागच्या सीटवर बस, नर्सची बॅग उचल, घरी गेल्यावर चप्पल दाराबाहेर काढ आणि दिलेला चहा पी. पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नकोस.