झोपेचा हिशेब आणि फज्रची नमाज

प्रश्न : मी परळच्या एका खासगी रुग्णालयात सिस्टर आहे. काही वर्षं मस्कतला होते, त्यामुळे कामापुरतं अरबी येतं. पत्नीच्या उपचारांसाठी आलेल्या एका ओमानी गृहस्थांना वर्षभर धड झोप नाही. डॉक्टरांनी गोळीऐवजी बोलण्याचे उपचार सुचवले. गृहस्थ म्हणतात, "गप्पा मारून कुणाला झोप येते का?" दुभाष्या म्हणून त्यांचा मुलगा तयार आहे. त्याला बसवावं का? आणि उपयोग होतो का?
– एक वाचक, परळ

उत्तर : सिस्टर, मुलाला बाहेरच बसवा. बायकोच्या आजाराची धास्ती कुठला बाप मुलाच्या तोंडून सांगेल? रुग्णालयाचा दुभाष्या मागा, फोनवरचाही चालेल. तुमचं अरबी ताप-दुखणं विचारायला पुरतं, मनातलं ऐकायला अपुरं पडेल. रोजच्या झोपेची नोंदवही मात्र तुम्हीच भरून घ्या.

कारण या गप्पा नव्हेत, हिशेब आहे. जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपचार करावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं. समजा ते दहा ते सहा अंथरुणात असतात आणि झोपतात साडेपाच तास. मग अंथरूणही साडेपाच तासांपुरतंच. पाचाच्या खाली जायचं नाही. पडल्या वेळातला 85 टक्के वेळ झोप लागू लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. पहिला आठवडा जड जातो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी गोळी मागतील.

रोज एकाच वेळी उठण्यावरून आमच्या गिरगावकर पेशंटांशी माझी रोज हुज्जत होते. तुमच्या गृहस्थांना फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज आहेच! ते उठत असतील, पण पुन्हा आडवे होऊन नऊपर्यंत लोळत असतील, वर दुपारची वामकुक्षी. घोडं तिथेच पेंड खातं. वेळा घड्याळाऐवजी नमाजाच्या सांगा : फज्रनंतर अंथरूण नाही, असरनंतर (दुपार कलतानाची नमाज) कहवा, म्हणजे अरबी कॉफी नाही. फिंजान, म्हणजे कहव्याचा कप, बोटभर असला तरी दिवसभरात किती होतात, ते मोजा. रमजान मध्येच आला, तर सहरीमुळे (रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) वेळापत्रक नव्यानं बांधावं लागेल.

आणखी एक. नातेवाइकांच्या लॉजमधल्या खोल्या मी पाहिल्यात. जेवण, टीव्ही, घरचे व्हिडिओ कॉल, सगळं त्या एका पलंगावर. एक प्लास्टिकची खुर्ची मागवा. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून तिथे बसायचं. फोन हातात न घेता, बरं का.

निद्रानाशाची तीव्रता मोजणारी सात प्रश्नांची प्रश्नावली अरबीतही आहे. ती पहिल्या दिवशी आणि महिन्याभरानं त्यांच्याकडूनच भरून घ्या. गोळी आधीपासून चालू असेल, तर परस्पर बंद करू नका. फिट्स किंवा बायपोलरचा (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार होणारा आजार) इतिहास असेल, तर झोपेचे तास कापण्याआधी डॉक्टरांना सांगा. घोरताना श्वास अडकतो का, हे त्यांना नव्हे, त्यांच्या पत्नीला विचारा. हो म्हणाल्या, तर आधी झोपेची तपासणी, बाकी सगळं नंतर.