खटल्यातून सुटलात तरी ट्रॅक्टर सुटेलच असं नाही

प्रश्न : सिंदेवाही तालुक्यात आमची धानाची शेती आहे. गावातल्या एकाने विटा आणायच्या म्हणून माझा ट्रॅक्टर भाड्याने नेला. चालवायला आमचाच सालगडी होता. रात्री वनखात्याने ट्रॉलीत सागवानाचे लठ्ठे पकडले. गुन्ह्यात माझं नाव नाही. वनखात्याची नोटीस आली होती, पण केस कोर्टात आहे म्हणून मी सुनावणीला गेलो नाही. आता ट्रॅक्टर सरकारजमा केल्याचा आदेश आला आहे. केसचा निकाल लागला की ट्रॅक्टर परत मिळेल ना?

उत्तर : भाऊ, तुम्ही सगळं लिहिलं, पण आदेशाची प्रत तुमच्या हाती कोणत्या तारखेला पडली तेवढंच लिहिलं नाही. आणि आता सगळं त्याच तारखेवर अडलं आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्राने घातलेल्या कलम ६१-ड नुसार या आदेशावर सत्र न्यायालयात अपील करता येतं, तेही आदेश कळवल्यापासून ३० दिवसांत. हे वाचता वाचता आदेशाचं पाकीट काढा आणि पोचपावतीवर सही कधी केली ते बघा. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज देता येईल, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही बसू नका.

निकालाची वाट बघू नका. खटला माणसावर चालतो, ही कारवाई वाहनावर. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशच्या कल्लो बाई प्रकरणात (२०१७) स्पष्ट केलं आहे. आपल्याकडे खटले किती वर्षं रेंगाळतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तोवर आदेश अंतिम झाला तर ट्रॅक्टरची मालकीच सरकारकडे जाते आणि लिलाव कोणी थांबवत नाही. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला असेल तर हप्ते तुमच्याच गळ्यात राहतात.

आता नोटिशीचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणाऱ्या अशा प्रश्नांत दर वेळी हेच असतं, 'केस कोर्टात होती म्हणून गेलो नाही', आणि ते वाचून जीव तुटतो. ती नोटीस म्हणजेच तुमची बाजू मांडायची जागा होती. कलम ६१-ब म्हणतं की वाहन आपल्या नकळत वापरलं गेलं हे मालकाने सिद्ध केलं तर ते सरकारजमा करता येत नाही. पण नुसतं 'मला माहीत नव्हतं' पुरत नाही. वाहन ज्याच्या ताब्यात होतं त्यालाही माहीत नव्हतं आणि असा वापर होऊ नये म्हणून सगळ्यांनी योग्य ती काळजी घेतली होती, हेही दाखवावं लागतं. ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर.

तुमची खरी अडचण सालगडी आहे. लठ्ठे भरताना तो स्टिअरिंगवर बसून होता की उतरून हात लावत होता? पंचनाम्यात काय लिहिलंय? त्याने जबाबात 'माहीत होतं' असं म्हटलं असेल तर काम अवघड आहे, हे मी लपवणार नाही. त्याला अंधारात ठेवलं गेलं असेल, तर भाड्याची वहीतली नोंद, ज्या भट्टीवरून विटा आणायच्या होत्या तिथला माणूस आणि त्या दिवशीचे फोन, यांतून काहीतरी उभं करता येईल. कागद न पाहता याहून जास्त बोलणं बरोबर नाही.

अपिलासोबतच लिलावाला स्थगितीचा अर्ज द्या. सुनावणीला का गेला नाहीत हेही त्यात खरं खरं लिहा, आजाराचं खोटं कारण जोडू नका. नोटिशीची प्रत, पंचनामा, आरसी बुक, कर्जाचे कागद आणि आदेशाचं पाकीट घेऊन चंद्रपूरला सत्र न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे याच आठवड्यात जा. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.