प्रश्न तुमचे : आकडे वाढताहेत, कंपनी चालतेय का?

प्रश्न : आमची चौदा जणांची आरोग्य-तंत्रज्ञान कंपनी आहे. हृदय कमकुवत झालेले रुग्ण घरीच वजन, रक्तदाब, नाडी मोजतात. बिघाड दिसला की रुग्णालयातल्या परिचारिकेला अलर्ट जातो. डाउनलोड चाळीस हजारांवर गेलेत, तिमाहीची उद्दिष्टं सव्वीस आहेत. तरी संचालक मंडळ विचारतं, कामगिरी कशी आहे? आम्ही मोजायचं काय?

उत्तर : डाउनलोडचा आकडा आधी अहवालातून काढा. तो जाहिरातीचा खर्च सांगतो, बाकी काही नाही. तुमच्या कामाचे टप्पे असे आहेत : नोंदणी, पहिलं मोजमाप, नियमित मोजमाप, अलर्ट, परिचारिकेची कृती आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होणं टळणं. प्रत्येक टप्प्याला एकच आकडा आणि त्याला जबाबदार एकच माणूस.

दर महिन्याच्या नव्या रुग्णांचा गट वेगळा ठेवा. समजा, एका महिन्यात २०० जणांनी नोंदणी केली, पहिल्या आठवड्यात १५० जणांनी मोजलं आणि बाराव्या आठवड्यात ७० जण आठवड्यातून किमान चार दिवस मोजताहेत. म्हणजे टिकले ३५ टक्के. इथे छेद २०० चाच हवा. १५० ने भागलं की ४७ टक्के येतात आणि बैठक आनंदात संपते. सुरुवातीचे ५० गळाले ते बहुधा यंत्र फोनला जोडता न आल्यामुळे. नंतरचे ८० गळाले, कारण रोज मोजून पुढे काय होतं हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. पहिल्या गळतीवर फोन करून मदत करणारा माणूस लागतो, दुसरीवर डॉक्टरांकडून येणारा प्रतिसाद. दोन्ही एकाच टक्केवारीत घातल्या की चुकीच्या जागी पैसा जातो.

आता अलर्ट. खरी कामगिरी इथे ठरते, आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही. १००० रुग्णांपैकी त्या आठवड्यात २० जणांची तब्येत खरोखर बिघडणार आहे, असं धरा. तुमची प्रणाली बिघडलेल्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि ठीक असलेल्यांपैकी ९० टक्क्यांना ठीक म्हणते. ऐकायला उत्तम. पण खरे अलर्ट १८ आणि ९८० ठीक रुग्णांपैकी खोटे ९८. एकूण ११६ मध्ये १८, म्हणजे सहाला एकसुद्धा पडत नाही. अशा वेळी परिचारिका अलर्ट न वाचता बंद करू लागतात, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

अलर्ट कधी द्यायचा याचा उंबरठा कडक केला आणि बिघडलेल्यांपैकी ८० टक्के ओळखले गेले, ठीक असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांना ठीक म्हटलं, तर खरे १६, खोटे साधारण २९. कामाचा ताण निम्म्याहून कमी होतो, पण दोन रुग्ण जास्त सुटतात. हा निर्णय प्रोग्रॅमरने परस्पर घ्यायचा नसतो. वैद्यकीय प्रमुखाने कारणांसह लिहून सही करायची.

‘अलर्ट किती मिनिटांत बंद झाला’ एवढंच उद्दिष्ट ठेवलंत तर तो न उघडताच बंद होईल. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला मुद्दा हाच : मोजमापाचं लक्ष्य झालं की त्यावर विसंबता येत नाही. म्हणून जोडीला दुसरा आकडा हवा : किती अलर्टनंतर रुग्णाला फोन गेला किंवा औषध बदललं.

सव्वीस उद्दिष्टांची चार करा. व्यवस्थापनतज्ज्ञ कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ या कामगिरी मोजण्याच्या पद्धतीचे चार कोन, म्हणजे पैसा, ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणं, तुम्हाला पुरतात. फक्त प्रत्येकात एकच आकडा ठेवायचा संयम हवा.

प्रश्न : तीन रुग्णालयांत मोफत पायलट, म्हणजे प्रायोगिक वापर झाले. डॉक्टर खूश आहेत, खरेदी मात्र कुणीच करत नाही.

उत्तर : वापरणारे डॉक्टर, फायदा रुग्णाचा, पैसे देणारा तिसराच. पायलटमध्ये तुम्ही पहिल्या दोघांनाच भेटलात. पुढच्या वेळी सुरुवातीआधी एका पानाचा करार करा : कोणता आकडा, किती बदलला तर यश, कोणत्या तारखेला मोजायचा, खरेदीचे पैसे कोणत्या विभागाच्या अंदाजपत्रकातून येणार आणि सही कुणाची. थोडे का होईना, शुल्क घ्या; फुकटच्या पायलटला कुणी वाली नसतो.

मुदतही नीट ठरवा. ३० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण दाखवायचं असेल, तर शेवटचा रुग्ण आल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. साठ दिवसांच्या पायलटमध्ये दुसऱ्या महिन्यातले रुग्ण अर्धवटच राहतात आणि निकाल फुकाचा चांगला दिसतो.

मान्यता मिळाली की पैसे येतील, या भरवशावरही राहू नका. अमेरिकेतल्या पेअर थेरप्युटिक्सला व्यसनमुक्तीच्या उपचार-सॉफ्टवेअरसाठी एफडीए या तिथल्या औषध-उपकरण नियामकाची परवानगी २०१७ मध्ये मिळाली, डॉक्टर ते लिहून देत होते, पण विमा कंपन्यांकडून पुरेसा मोबदला मिळेना. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

प्रश्न : पैसा किती महिने पुरेल, हे कसं काढायचं?

उत्तर : शिल्लक भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे खर्च वजा वसुली. शिल्लक १२०, खर्च १४, हातात येणारी वसुली ४ असेल तर १२ महिने. बिलाची रक्कम धरू नका, जमा झालेली धरा. चार महिने पायलट आणि नऊ महिने खरेदीची मंजुरी, असे तेरा महिने लागणार असतील, तर पुढचा निधी उभारायला आजच लागा.

प्रश्न : नियमनाची कागदपत्रं उत्पादन तयार झाल्यावर केली तर?

उत्तर : नको. आयईसी ६२३०४ हे वैद्यकीय सॉफ्टवेअरचं आंतरराष्ट्रीय मानक सॉफ्टवेअरचा सुरक्षावर्ग अ, ब, क असा लावतं आणि त्यानुसार कागदपत्रं वाढतात. प्रत्येक गरज, तिचा धोका आणि तिची चाचणी यांचा दुवा नंतर जोडायला बसलात, की चाचण्याच पुन्हा कराव्या लागतात. आणि संकेतस्थळावरचा मजकूर तपासा. ‘नोंद ठेवते’च्या जागी विपणनवाल्यांनी ‘निदान करते’ लिहिलं, तर उत्पादनाचा अभिप्रेत वापरच बदलतो आणि नियामकाकडचा वर्गही बदलू शकतो.